‘सुम्बोंग सा पांगुलो’ : फिलिपिन्स सरकारच्या तक्रार संकेतस्थळाचे परीक्षण

फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांनी ११ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सुम्बोंग सा पांगुलो’, म्हणजे राष्ट्राध्यक्षांकडे तक्रार, या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. देशभरातील पूरनियंत्रणाच्या कामांची यादी त्यावर खुली करण्यात आली असून आपल्या भागातले काम झालेले नसेल, अर्धवट असेल किंवा निकृष्ट असेल तर नागरिकांनी ते तिथे कळवावे, अशी या सेवेची साधी कल्पना आहे. सरकारी तक्रार सेवा जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांविषयी लिहिण्यासारखे फारसे नसते. ही सेवा मात्र सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्या देशाचे राजकारण ढवळून निघाले, सार्वजनिक बांधकाम खात्याचा मंत्री बदलला, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या सभापतींनी पद सोडले आणि लाखभर माणसे रस्त्यावर उतरली. त्यामुळे तिची गुणवत्ता आणि तिच्या मर्यादा या दोन्हींकडे बारकाईने पाहणे योग्य ठरेल.

सेवा ज्या परिस्थितीत जन्माला आली ती आधी सांगितली पाहिजे. २०२५ च्या जुलैमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि लागोपाठ आलेली वादळे यांनी राजधानी मनिला आणि ती ज्या बेटावर आहे त्या लुझोनच्या मध्य भागाचा मोठा हिस्सा पाण्याखाली घातला. दरवर्षी पूर येतो, दरवर्षी पूरनियंत्रणासाठी पैसे मंजूर होतात आणि दरवर्षी पाणी घरात शिरते, याला तिथली जनता विटली होती. २८ जुलैच्या वार्षिक भाषणात मार्कोस यांनी या कामांतल्या लाचखोरीचा जाहीर उल्लेख केला आणि संबंधितांना, आपल्याच देशबांधवांची तरी लाज बाळगा, अशा शब्दांत सुनावले. त्याच भाषणात त्यांनी कामांची यादी लोकांसमोर ठेवण्याचे आश्वासन दिले. संकेतस्थळ म्हणजे त्या आश्वासनाची पूर्तता. सरकारी आश्वासन दोन आठवड्यांत पाळले जाणे हे तिथेही नवलाचेच होते.

संकेतस्थळाचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे ही यादी. जुलै २०२२ ते मे २०२५ या काळातील ९,८५५ कामे आणि त्यांवरचा सुमारे ५४,५०० कोटी पेसोंचा खर्च ती डोळ्यांसमोर आणते. कामाचे नाव, ठिकाण, कंत्राटदार आणि रक्कम ही माहिती एका जागी पाहता येते, आणि एवढ्यावरच पहिला धक्का बसतो. यादी जाहीर करतानाच मार्कोस यांनी सांगितले की एकूण खर्चापैकी सुमारे १०,००० कोटी पेसो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, केवळ १५ कंत्राटदारांना मिळाला आहे. सुमारे ३५,००० कोटी पेसोंच्या ६,०२१ कामांत तर नेमके कोणते बांधकाम होणार, बंधारा की भिंत की गटार, याची नोंदच नव्हती. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या नद्यांवरच्या कामांची किंमत पेसोपर्यंत तंतोतंत सारखी असल्याचेही आढळले. नदीची रुंदी, मातीचा प्रकार आणि काठाची उंची सगळीकडे सारखी असू शकत नाही हे कळायला अभियंता असण्याची गरज नाही. पुष्कळ रकमा १५ कोटी पेसोंच्या आसपास किंवा किंचित खाली घुटमळताना दिसतात, त्यामागेही कारण आहे. जिल्हा अभियंता कार्यालयाला वरिष्ठांकडे न जाता तेवढ्या रकमेपर्यंतची कामे स्वतःच्या अधिकारात देता येत होती. मोठ्या कामाचे तुकडे पाडले, त्यांना ‘टप्पा १’, ‘टप्पा २’, ‘पॅकेज ३’ अशी नावे दिली की ते जिल्ह्यातच मिटते.

यादी वाचण्यासाठी मात्र वाचकाला थोडी तयारी करावी लागते, कारण कामांची नावे खात्याच्या कारकुनी भाषेत जशीच्या तशी उतरवलेली आहेत. ‘पूरनिवारण संरचनेचे बांधकाम’, त्यापुढे नदीचे नाव, त्यापुढे साखळी क्रमांक ०+००० पासून ०+२२० पर्यंत, अशा धाटणीची ही नावे आहेत. यातले शेवटचे आकडे म्हणजे आरंभबिंदूपासून मोजलेले मीटरमधले अंतर, हे बांधकाम क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळते, परंतु ज्याच्या अंगणात पाणी शिरते त्या भाजीविक्रेत्याला कळण्याचे काही कारण नाही. आरंभबिंदू कुठला, पूल की वळण की शाळेची भिंत, हे त्या नावात नसते. ज्या माणसाने तक्रार करावी अशी अपेक्षा आहे त्याच्या भाषेत यादी लिहिली गेली असती तर सेवेचा उपयोग कितीतरी वाढला असता. ही उणीव काही प्रमाणात बाहेरच्यांनी भरून काढली. स्वयंसेवी तंत्रज्ञांनी तीच माहिती उचलून तिचे कंत्राटदारनिहाय आणि जिल्हानिहाय नकाशे व आलेख तयार केले, पत्रकारांनी तिची निवडणूक निधीच्या नोंदींशी सांगड घातली, आणि यादीचा खरा वापर मूळ संकेतस्थळाच्या बाहेर अधिक झाला. माझ्या मते हीच या सेवेची सर्वांत मोठी कामगिरी आहे, मग ती तिच्या निर्मात्यांच्या मनात असो वा नसो.

तक्रार स्वीकारण्याची सेवा म्हणून तिने सुरुवातीला चांगलाच प्रभाव पाडला. पहिल्या काही आठवड्यांतच हजारो तक्रारी आल्या आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः काही ठिकाणी पाहणीला गेले. मनिलाच्या उत्तरेकडील बुलाकान प्रांतात कालुम्पित येथील नदीकाठचे काम त्यांनी पाहिले. २० ऑगस्टला ते त्याच प्रांतातल्या बालिवाग शहरातील पिएल या वस्तीत गेले. तिथे सुमारे ५.५७ कोटी पेसोंची काँक्रीटची नदीभिंत पूर्ण झाल्याची नोंद होती आणि कंत्राटदाराला पैसेही मिळालेले होते. प्रत्यक्षात तिथे भिंत नव्हती. अर्धी नव्हती, खचलेली नव्हती, मुळातच बांधलेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष मोकळ्या काठावर उभे आहेत आणि कागदोपत्री तिथे भिंत उभी आहे, हे दृश्य देशभर दाखवले गेले आणि ‘भुताटकीची कामे’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोचला.

या सेवेची मर्यादाही इथूनच सुरू होते, आणि ती तांत्रिक स्वरूपाची असल्याने तिच्याविषयी फारसे बोलले गेले नाही. नागरिकाच्या हातात मोबाइलचा कॅमेरा असतो आणि कॅमेऱ्याला जे दिसते तेवढेच तो कळवू शकतो. भिंत नसेल तर ती नसल्याचे छायाचित्र निघते. पण भिंत असेल आणि तिच्या पोटात ठरल्यापेक्षा निम्मे लोखंड असेल, काँक्रीटमध्ये सिमेंट कमी असेल, किंवा काठ धरून ठेवण्यासाठी जमिनीत ठोकलेले लोखंडी शीट पाइल आराखड्यात लिहिलेल्या खोलीच्या एक चतुर्थांशच गेलेले असतील, तर वरून सगळे व्यवस्थित दिसते. ताजा रंग असतो, कठडा असतो, आमदाराचे नाव लिहिलेला फलक असतो. अशी भिंत पहिल्या मोठ्या पुरात तळाकडून सुटते आणि मग कंत्राटदार निसर्गाकडे बोट दाखवायला मोकळा होतो. ते काम पारखायला काँक्रीटचा आरपार तुकडा, म्हणजे कोअर, कापून नमुना काढावा लागतो, पाइलची लांबी तपासणारी उपकरणे लागतात, मंजूर आराखडा हातात असावा लागतो. संकेतस्थळावर कंत्राटाची रक्कम मिळते. आराखडा, मोजमाप पुस्तिका आणि टप्प्याटप्प्याने दिलेल्या देयकांची कागदपत्रे मात्र त्या यादीचा भाग नाहीत. म्हणजे ही सेवा सर्वांत निर्लज्ज चोरी पकडते आणि थोडी काळजी घेऊन केलेली चोरी तिच्या जाळ्यातून निसटते. सिनेटर पान्फिलो लॅक्सन यांनी ऑगस्टमधील भाषणात म्हटले की सगळ्यांचे वाटे काढल्यावर काही कामांत प्रत्यक्ष बांधकामासाठी जेमतेम ४० टक्के पैसे उरत असावेत. हा अंदाज खरा मानला तर भुताटकीची कामे हा प्रश्नाचा लहान भाग ठरतो आणि ४० टक्क्यांत उभी केलेली, दिसायला पूर्ण असलेली कामे हा मोठा.

यादीच्या कालखंडाबद्दलही नोंद करणे आवश्यक आहे. ती विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्याच कारकिर्दीपासून सुरू होते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, कारण स्वतःच्या कारभाराचे बाड उघडणे सोपे नसते. परंतु त्यामुळे त्याआधीची कामे झाकलेलीच राहतात, आणि कंत्राटदारांची नावे व पद्धती त्या काळातून चालत आलेल्या आहेत. शिवाय यादी केवळ पूरनियंत्रणापुरती आहे. ऑक्टोबरमध्ये नवे बांधकाम मंत्री विन्स डिझॉन यांनी सिनेटला सांगितले की २०२५ साठी ठरवलेल्या सुमारे १,७०० शाळाखोल्यांपैकी अवघ्या २२ पूर्ण झाल्या आहेत. शाळाखोल्यांसाठी असे संकेतस्थळ असते तर तिथे काय दिसले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

लोकांचा राग मात्र कोणत्याही यादीच्या पुढे धावला. कंत्राटदारांच्या मुलांचे परदेशी सहली आणि महागड्या पिशव्या मिरवणारे फोटो समाजमाध्यमांवर शोधून काढले गेले. पासिग शहराच्या महापौरपदाची निवडणूक मे २०२५ मध्ये हरलेल्या एका कंत्राटदार महिलेने, आपण रोल्स रॉइस गाडी तिच्यासोबत मिळणारी छत्री आवडली म्हणून घेतली, असे जाहीरपणे सांगितले होते. गुडघाभर पाण्यातून मुलांना शाळेत नेणाऱ्या पालकांना ती छत्री विसरता आली नाही. संसदेतल्या चौकशीत नोटांच्या ढिगांची छायाचित्रे दाखवली गेली, सरकारी अभियंते कॅसिनोत जुगार खेळत असल्याचे समोर आले. मार्कोस यांच्या वडिलांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू केला त्या घटनेच्या स्मरणदिनी, २१ सप्टेंबरला, मनिलातील लुनेता उद्यानात आणि एड्सा मार्गावर प्रचंड मोर्चे निघाले. बहुतेक मोर्चे शांततेत पार पडले, मात्र राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि दोनशेहून अधिक जणांना अटक झाली. ३० नोव्हेंबरला पुन्हा मोर्चे निघाले. संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय असताना माणसे रस्त्यावर का आली, हा प्रश्न सेवेच्या परीक्षणात टाळता येणार नाही. तक्रार ऐकली जाईल आणि तिचा शेवट शिक्षेत होईल असा विश्वास असता तर अर्ज भरून घरी बसणे पुरेसे वाटले असते.

तो विश्वास नसण्याला तिथला इतिहास कारणीभूत आहे. २०१३ मध्ये खासदारांच्या विकास निधीतून सुमारे १,००० कोटी पेसो बनावट संस्थांकडे वळवल्याचे प्रकरण उघड झाले, तेव्हाही याच लुनेता उद्यानात मोठी सभा झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निधीच घटनाबाह्य ठरवला. निधी नावाने संपला. अर्थसंकल्पात ऐन वेळी कामे घुसवण्याची पद्धत संपली नाही, आणि आजच्या पूरनियंत्रण कामांचा उगम बहुतांशी त्याच पद्धतीत आहे. माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांना २००७ च्या सप्टेंबरमध्ये सार्वजनिक संपत्तीच्या लुटीबद्दल जन्मठेप झाली आणि पुढच्याच महिन्यात माफी मिळाली. २०१६ मध्ये गुन्हेगारी आणि भ्रष्टाचार यांवरच्या संतापाच्या लाटेवर रोद्रिगो दुतेर्ते निवडून आले. त्यांनी ८८८८ हा तक्रार क्रमांक सुरू केला आणि ७२ तासांत ठोस कारवाई करण्याचे बंधन सरकारी कार्यालयांवर घातले. दाखल्यासाठी अडवणूक, खिडकीवरचा उद्धटपणा अशा तक्रारींसाठी तो क्रमांक उपयोगी आहे, परंतु त्याच राजवटीत अमली पदार्थविरोधी मोहिमेत पोलिसांच्याच आकडेवारीनुसार सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्या मोहिमेबद्दल दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आले. गल्लीतल्या संशयिताला रस्त्यावर गोळी आणि कोट्यवधींची भिंत गिळणाऱ्याला चौकशी समिती, हा फरक तिथल्या सामान्य माणसाच्या बोलण्यात वारंवार येतो.

याच कारणाने तक्रारदाराच्या सुरक्षिततेचा मुद्दा मला सेवेच्या रचनेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. एखाद्या लहान बेटावर कंत्राटदार, महापौर आणि अभियंता हे एकमेकांचे नातेवाईक किंवा निवडणुकीतले साथीदार असतात, आणि नदीच्या विशिष्ट वळणावरचे छायाचित्र पाठवणारा माणूस कोण असेल हे नाव न लिहिताही ओळखता येते, कारण त्या वळणावर चार घरे असतात. फिलिपिन्समध्ये ७,६४१ बेटे आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांवर राजधानीची नजर पोचते. २००९ मध्ये मागिंदानाओ प्रांतात एका राजकीय घराण्याच्या माणसांनी ५८ जणांची हत्या केली, त्यांत ३२ पत्रकार होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये रेडिओ निवेदक पर्सिवल माबासा यांना मनिलाजवळच गोळ्या घालण्यात आल्या. साक्षीदारांच्या संरक्षणाचा १९९१ चा कायदा आहे, पण गैरव्यवहार उघड करणाऱ्या सामान्य नागरिकासाठी किंवा कर्मचाऱ्यासाठी स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड कंत्राटातील गैरव्यवहाराची साक्ष देणारे जून लोझादा पुढे दुसऱ्याच एका प्रकरणात दोषी ठरून २०२२ मध्ये तुरुंगात गेले. त्या निकालाच्या गुणदोषांत न शिरताही एवढे म्हणता येते की अशी उदाहरणे पाहिलेला अभियंता संकेतस्थळावर कागद टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. आणि खरी माहिती तर त्याच्याकडेच असते.

तक्रारींच्या निपटाऱ्यासाठी ११ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने पायाभूत सुविधांसाठीचा स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. त्याची सुनावणी सुरुवातीला बंद दाराआड होत असल्याने टीका झाली, आणि ती टीका रास्त होती; उघड्या यादीतून निघालेल्या प्रकरणाची चौकशी बंद खोलीत का व्हावी, याचे पटणारे उत्तर मिळाले नाही. आयोगाला खटला भरण्याचा अधिकार दिलेला नव्हता. त्याने शिफारस करायची, मग ओम्बुड्समन, म्हणजे लोकपाल, कार्यालय आरोपपत्र दाखल करते आणि खटला सांदिगानबायान या भ्रष्टाचारविरोधी विशेष न्यायालयात चालतो. या साखळीतून पहिले मोठे प्रकरण नोव्हेंबरमध्ये बाहेर पडले. ओरिएंटल मिंडोरो प्रांतातील नौहान येथील २८.९ कोटी पेसोंच्या बांधाबाबत न्यायालयाने एका माजी खासदारासह बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध अटक वॉरंट काढले. त्या खासदाराने आरोप नाकारले होते आणि तो तेव्हा देशाबाहेर होता. संकेतस्थळ सुरू होण्यापासून पहिल्या वॉरंटपर्यंत सव्वातीन महिने लागले, आणि तिथल्या न्यायव्यवस्थेचा वेग पाहता हा काळ कमीच म्हणावा लागेल.

त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला काल्मेगी वादळाने सेबू बेटावर हाहाकार उडवला. देशभरात दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि सेबूच्या राज्यपालांनी त्यांच्या प्रांतावर खर्च झाल्याचे दाखवलेल्या २,६६० कोटी पेसोंच्या पूरनियंत्रण कामांचा हिशेब विचारला. ही कामे संकेतस्थळावर वादळाच्या तीन महिने आधीपासून दिसत होती. तक्रारींची वाट पाहण्याऐवजी सरकारने यादीतली कामे स्वतःहून तपासायला घेतली असती, निदान दाट वस्तीच्या नद्यांवरची, तर काही बांधांचे पितळ पाणी येण्यापूर्वी उघडे पडले असते. तपासणीचे काम नागरिकांवर सोपवणे ही या सेवेतली मूळ खोट मला वाटते, कारण नागरिकाने त्या तपासणीसाठी कर आधीच भरलेला आहे. सरकारचा पुढचा निर्णय तर अधिकच विचित्र म्हणावा लागेल. २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावातून स्थानिक निधीची सुमारे २५,५०० कोटी पेसोंची नवी पूरनियंत्रण कामे काढून टाकण्यात आली. चोरी थांबली असेल, पण नद्यांचे पाणी अर्थसंकल्प पाहून वाढत नाही.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी ती आधी माहितीचा साठा म्हणून वापरावी, असे मी सुचवीन. कामाचा क्रमांक, साखळी क्रमांक, कंत्राटदार आणि रक्कम उतरवून घ्यावी, पानाची प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि छायाचित्रात ठिकाण ओळखू येईल अशी एखादी कायमची खूण, पूल किंवा विजेचा खांब, येईल याची काळजी घ्यावी. गावातली ओळख उघडी पडण्याची भीती असेल तर प्रांताबाहेरील पत्रकार किंवा नागरी संघटनेमार्फत माहिती पुढे पाठवणे अधिक सुरक्षित आहे. लेखापरीक्षण आयोग २०१२ पासून नागरिकांना सोबत घेऊन लेखापरीक्षण करतो, त्याच्याकडेही तीच कागदपत्रे द्यावीत, कारण मोजमाप पुस्तिका मागवण्याचा अधिकार त्याला आहे. ज्याला प्रकरण न्यायालयापर्यंत न्यायचे आहे त्याने शपथपत्रासह ओम्बुड्समनकडे स्वतंत्र तक्रार करावी. संकेतस्थळावर भरलेल्या अर्जाला शपथपत्राचे वजन नसते.